मदत हवी आहे: बार्टसाठीच्या सेल्स टॅक्सच्या कागदावर सही करू का? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी, मी गेल्या वर्षीच सिटिझन झाले, मतदानाचं सगळंच नवीन आहे त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

शनिवारी इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडत होते, एका हातात कणकेची गोणी, दुसऱ्या हाताला लेक लोंबकळतेय, आणि दारात एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन उभी, बार्ट (आपली इथली लोकल रेल्वे) वाचवायचीय सही करा म्हणाली. मी म्हटलं घरी जाऊन वाचते आणि मग बघू. वाचायला बसले आणि डोक्याचा पार भुगा झाला.

मला कळलं ते एवढंच, की २०२५ मध्ये एसबी ६३ म्हणून कायदा झाला, त्यानुसार बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, पाच काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) सेल्स टॅक्स वाढवायचा का हे नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर विचारता येणार (त्यासाठीच या सह्या), आपल्या अलमीडा काउंटीत अर्धा टक्का, सॅन फ्रान्सिस्कोत एक टक्का, १४ वर्षांसाठी, आणि पैसे बार्ट, म्युनी, कॅलट्रेन, एसी ट्रान्झिट वगैरे बस-रेल्वे सेवांना. मी आठवड्यातून तीनदा वॉर्म स्प्रिंग्जहून बार्टने जाते. करोनाआधी उभं राहायला जागा नसायची, आता शेजारच्या सीटवर डबा आणि पर्स ऐसपैस ठेवून जाते, त्यामुळे नुसत्या तिकिटावर यांचं भागत नाही हे मला कोणी पटवायला नको.

पण फ्रीमॉन्टला आत्ताच १०.२५ टक्के आहे, म्हणजे होणार १०.७५! त्यातला ट्रान्झिटला आधीच किती जातो कुणी फोड करून सांगेल का? आणि दुसरं, ऑफिसात एक जण म्हणाला की लोकांच्या सह्या घेऊन आणलं तर निम्म्याहून एक मत जास्त पडलं तरी पास, नाहीतर दोन तृतीयांश लागतात. असं खरंच आहे? असेल तर माझी सही म्हणजे नुसता "विचारा लोकांना" एवढाच अर्थ राहत नाही ना.

(रच्याकने, भावाने पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा मेट्रोचा १ टक्का सेस मुकाट्याने भरला, २०२२ पासून लागलाय तो, त्याला कुणी विचारलं नव्हतं. हे ऐकून तो म्हणे तुमचे बरे लाड चाललेत.)

जुना_डबा: फोड अशी. ७.२५ कॅलिफोर्नियाभर सगळीकडेच, त्यातला पाव टक्का १९७१ च्या कायद्याने स्थानिक वाहतुकीचा. वरचे ३ टक्के आपल्या काउंटीतले: अर्धा बार्टचा (तो १९६९ मध्ये विधिमंडळाने लावला, मतदान नाही), एक टक्का मेझर बीबी (काउंटीने मतदानाने मंजूर केलेला कर) म्हणजे रस्ते-बस-बार्ट, आणि उरलेला दीड आरोग्य, बालसंगोपन आणि काउंटीच्या इतर खर्चाचा. म्हणजे पावणेदोन टक्के वाहतुकीला आत्ताच जातात. बीबी २०४५ पर्यंत आहे.

तिखटपुरी: तुझा ऑफिसवाला बरोबर बोलतोय. १९७८ च्या प्रॉप १३ पासून (करांवर मर्यादा घालणारा, मतदारांनी मंजूर केलेला राज्याचा प्रस्ताव) एखाद्या ठरावीक कामासाठीच्या स्थानिक कराला दोन तृतीयांश मतं लागतात. २०१७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अपलंड शहराच्या केसमध्ये म्हटलं की सरकारला घातलेल्या काही अटी नागरिकांनी सह्या करून आणलेल्या प्रस्तावाला लागू होत नाहीत, त्यावरून पुढे खालच्या कोर्टांनी साधं बहुमत पुरे असा अर्थ लावला. म्हणून हा क्लिपबोर्ड.

खटकणं समजू शकते. पण दुसरी बाजू पण बघ, २०१२ ला आपल्याच काउंटीत वाहतुकीच्या कराच्या मेझर बी१ ला ६६.५३ टक्के मतं पडली आणि पाहिजे होती ६६.६७. लाखो मतांत सातशेच्या आसपास कमी पडली आणि गेलं सगळं! दोन वर्षांनी तेच थोडं बदलून बीबी म्हणून आणलं तर सत्तर टक्क्यांवर गेलं. तीनातल्या एकाने अडवायचं, हे तरी कुठे सरळ आहे.

कोकणकडा: मी सही केलेली नाही आणि करणार पण नाही. बीबीच्या यादीत इर्विंग्टन स्टेशनला १२ कोटी डॉलर होते, २०१४ ला त्याच आशेने मत दिलं होतं, स्टेशन अजून उभं नाही. आणि यावेळचा पैसा मुख्यतः चालू तूट भरायला, नवीन काही दिसणार नाही. शिवाय हा टॅक्स भाड्याने राहणाऱ्याला आणि मोठ्या घरवाल्याला सारखाच.

जुना_डबा: @कोकणकडा, इर्विंग्टनचं मान्य. पण बार्टची तूट वर्षाला ३५ कोटी डॉलरच्या वर आहे, ती नाही भरली तर असलेल्या गाड्याच कमी होतील. धागाकर्ती, तुझ्या त्या दिवसाच्या पावतीवर बघ टॅक्स कशाला लागलाय.

धागाकर्ती: बघितली. कणीक, तूरडाळ, कढीपत्ता, काहीच नाही. कुकरला लागलाय, उदबत्तीला लागलाय आणि लेकीच्या गरम समोशाला! अर्ध्या टक्क्याने कुकरवर वीस सेंट वाढतील. पण गाडी बदलायचीय यंदा, चाळीस हजारांची धरली तर २०० डॉलर, ते जाणवतील.

एक अजून, नवरा ग्रीनकार्डवर आहे, त्याच्या पुढेपण कागद केला होता, त्याने केली असती तर?

तिखटपुरी: अजिबात नको! फक्त नोंदणी झालेल्या मतदारानेच सही करायची, आणि नाव-पत्ता नोंदणीतल्यासारखाच लिहायचा, नाहीतर सही बाद होऊ शकते. सिटिझन नसताना मतदार असल्याचं लिहून देणं नॅचरलायझेशनच्या (नागरिकत्व घेण्याच्या) वेळी महागात पडू शकतं. तुझी नोंदणी तरी झालीये ना?

धागाकर्ती: नाही 🙈 आज रात्रीच ऑनलाइन करते, सहीचं त्यानंतर. नवरा वाचला थोडक्यात, त्याला वाटलं होतं मंडळाच्या गणपतीची वर्गणी आहे, म्हणून खिशात हात घालून पळाला.