वीक स्प्रिंग लावून रन संपवला म्हणजे मॉडेल बरोबर झालं का?

जाळीकर: काल इथे, फायनाइट एलिमेंटच्या (पार्टचे छोटे तुकडे करून कॉम्प्युटरवर स्ट्रेस काढण्याच्या) चर्चेत, एकाने लिहिलं, ‘रिजिड बॉडी मोशनची वॉर्निंग आली की वीक स्प्रिंग ऑन करा, रन होतो, डोकं खपवू नका.’ वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. वीक स्प्रिंग म्हणजे मोकळ्या पार्टला धरून ठेवणारी अगदी मऊ, नकली स्प्रिंग. अहो, सॉल्व्हर सांगतोय की एखादा पार्ट मोकळा आहे, त्याला अडवणारं काहीच नाही, म्हणून स्टिफनेस मॅट्रिक्स सिंग्युलर झालंय, म्हणजे समीकरणांना एकच असं उत्तर उरलेलं नाही. आणि तुम्ही त्याचंच तोंड दाबताय! आधी मोडल रन (कंपनांचे मोड आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी काढणारा) करा. सपोर्ट लावूनही शून्याच्या आसपास एखादा मोड उरला तर त्याचं अॅनिमेशन बघा, कुठला तुकडा तरंगतोय ते लगेच दिसतं. माझ्या एका ब्रॅकेटमध्ये कॉन्टॅक्ट फ्रिक्शनलेस होता आणि बोल्ट स्वतःभोवती फिरत होता, बाकी काही नाही. मी दोन दिवस मेश (तुकड्यांची जाळी) बारीक करत बसलो होतो.

लोडकेस: ते मीच लिहिलं होतं. लोड आपापसात बॅलन्स होत असतील तर स्प्रिंगमध्ये फोर्स जवळपास शून्य येतो, रिअॅक्शन बघा, विषय संपला. आणि मोडल रन लिनिअर असतो, कॉन्टॅक्टमध्ये ०.०२ मिमी गॅप असेल तर पार्ट मोकळाच दाखवणार, लोड आल्यावर तो नीट टेकणार असला तरी. त्याचं काय?

जाळीकर: मग गॅप बंद करा ना! नाहीतर पहिल्या स्टेपला फोर्सऐवजी थोडं डिस्प्लेसमेंट देऊन पार्ट टेकवा, फोर्स त्यानंतर.

कोपरा_नोड: स्प्रिंग परवडली, खरा रोग वेगळाच आहे. वॉर्निंग आली की अख्खा फेस फिक्स करणारे! स्टीलचा दांडा १०० अंशांनी तापवला आणि दोन्ही टोकं घट्ट धरली तर सुमारे २४० मेगापास्कल स्ट्रेस येतो, मोकळा सोडला तर शून्य. असले रिपोर्ट मी वर्षानुवर्षं तपासतोय, लाल पट्टा (जास्त स्ट्रेस दाखवणारा रंग) बघून लोक जाडी वाढवतात. ३-२-१ (तीन पॉइंटना अनुक्रमे तीन, दोन आणि एक दिशा धरणं) का शिकत नाही कोणी?

लोडकेस: ३-२-१ पण डोळे मिटून लावायची गोष्ट नाही. दुसऱ्या पॉइंटला पहिल्याकडे जाणाऱ्या रेषेतलीच दिशा मोकळी ठेवावी लागते. चुकून तीच धरली आणि आडवी सोडली तर खोटा स्ट्रेसही येतो आणि पार्ट फिरतोही. माझं झालंय.

कोपरा_नोड: म्हणजे पद्धत चुकीची नाही, तुम्ही लावली चुकीची.

लोडकेस: मी पद्धतीला चूक म्हटलंच नाही, वाचा तरी नीट!

नवीन_शेल: भांडण थांबवून माझं बघाल का कोणी? शेलची (जाडी न काढता नुसता पृष्ठभाग म्हणून मांडलेली) प्लेट सॉलिड ब्लॉकला कडेने जोडलीये, नोड (जाळीचे बिंदू) मर्ज केलेत, तरी दारासारखी हलते.

जाळीकर: हलणारच. सॉलिडच्या नोडला रोटेशन नसतं, त्यामुळे तो जॉइंट बिजागरीच होतो. शेलची एक ओळ ब्लॉकच्या आतपर्यंत न्या किंवा शेल-टू-सॉलिड कपलिंग (शेलचं फिरणंही ब्लॉकला बांधणारी जोडणी) द्या. बघा लोडकेस, इथे स्प्रिंग लावली असती तर हे कधी कळलंच नसतं.

लोडकेस: माझं जुनं मॉडेल आत्ता उघडलं. लोड ५००० न्यूटन, स्प्रिंगमध्ये ३१० न्यूटन जातायत. म्हणजे लोड बॅलन्स नव्हता, तेवढं मान्य. मोडल लावलाय. गॅपबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी सोडत नाही.