25 टक्के आरटीई जागांचा तो बदल विधानसभेने केलाच नव्हता
असं म्हटलं जातं की 2024 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेने आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या), म्हणजे खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी असलेल्या, 25 टक्के राखीव जागा काढून टाकल्या आणि कोर्टाने त्या परत आणल्या. दुसरा भाग बरोबर आहे, पहिला नाही. तो बदल विधिमंडळात आलाच नव्हता. 9 फेब्रुवारी 2024 ला शासनाने अधिसूचना काढून नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. मुंबईत पावलापावलावर पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा आहे, म्हणजे इथे हा हक्क जवळपास संपल्यातच जमा होता. मूळ कायदा 2009 चा, संसदेचा. नियमांनी त्याच्यावर कडी करता येत नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि 19 जुलैला अधिसूचना रद्द केली.

त्या वर्षी आमच्या भांडुपच्या चाळीतल्या एका ताईंचा फॉर्म मीच भरत होते. एप्रिलमध्ये घराजवळच्या खासगी शाळा यादीत दिसतच नव्हत्या. स्थगितीनंतर मे महिन्यात सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या दोन दिवस मजुरी बुडवून आल्या होत्या, ते मला अजून सलतं. विधेयक आलं असतं तर निदान सभागृहात चर्चा झाली असती, आपल्या आमदाराला कुणी जाब विचारला असता. म्हणून माझं म्हणणं, अधिवेशनाच्या बातम्यांइतकंच राजपत्रावरही, म्हणजे अशा अधिसूचना छापल्या जातात त्या सरकारी गॅझेटवरही, लक्ष ठेवा. शाळांचे कितीतरी निर्णय तिथेच होतात.