जमीन संपादनात गेली, मग घरात काय झालं? अनुभव लिहा

बायपास, रिंगरोड, रेल्वे... बेळगाव भागात मोर्चे सगळ्यांनी बघितलेत, पण नोटीस आल्यापासून घरात काय काय होतं ते कोण बोलत नाही. ते इथं लिहा. नाव नको, गाव सांगितलं तरी चालेल.

*

आमचं येळ्ळूर शिवार. भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, घरात तांदूळ विकतचं कधी आलं नव्हतं. रस्त्याला पट्टी गेली ती नेमकी मधनं, राहिलेल्या तुकड्यात ट्रॅक्टर वळत नाही. नोटीस कन्नडमध्ये, बाबांना वाचता येत नाही, शेजारच्या पोरानं वाचून सांगितली तोवर हरकतीचे २१ दिवस संपत आलेले. त्यात उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव, वारसा लावलाच नव्हता, मग काकांनी अर्ज टाकला, दोन्ही आत्त्यांनी टाकला, हिस्स्याचा वाद म्हटल्यावर पैसे कोर्टात जमा झाले ते आजून तिथंच हाईत आणि रस्त्यावर गाड्या पळायलेत. आत्त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, हक्क त्यांचाही आहे. पण राखीला यायच्या बंद झाल्यात, आणि बाबा त्या दिवशी जेवत नाहीत.

*

दराचं पण लिहा की कोणीतरी. मोबदला काढताना मागच्या ३ वर्षांची खरेदीखतं बघतात आणि आपल्याकडं स्टॅम्प वाचवायला कागदावर रक्कम कमी दाखवायची सवय, तोच दर आमच्या डोक्यावर बसला. वर १०० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची जादा रक्कम) मिळतं खरं, पण ते पण त्याच दरावर ना! लवादाकडं गेलोय, तारखा चालू आहेत.

*

आम्ही मालक नव्हे, वाट्यानं करत होतो, सासऱ्यांपासून. मालकाला पैसे मिळाले, आम्हाला कोणी विचारलं पण नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ३ वर्षं आधीपासून कसणारा वाटेकरी पण बाधित कुटुंबात येतो म्हणून वकिलांनी सांगितलं, पण पहाणीवर (शेत कोण कसतंय त्याच्या नोंदीच्या उताऱ्यावर) नाव नाही, पुरावा कुठला द्यायचा? आता नवरा उद्यमबागला कारखान्यात कामाला जातो, मी दुसऱ्यांच्या लावणीला.

*

वरच्या ताई, गावातल्या चार जाणत्या माणसांचे जबाब, धान्य वाटून घेतल्याच्या वह्या, सोसायटीच्या खताच्या पावत्या, जे असेल ते वकिलांना दाखवा. आमच्या पैशातनं भावानं खानापूरकडं जमीन घेतली, पाणी चांगलं आहे, पण आईला तिथवर जाणं होत नाही म्हणून ती घरामागं वाफ्यात मेथी करते.