‘गॉन गर्ल’ वाचलेल्यांना विचारायचंय (शेवट उघड होईल!)

बोरिवलीची वाचक: गिलियन फ्लिनची 2012ची ही कादंबरी चर्चगेट लोकलमध्ये वाचून संपवली. बायको एमी अचानक गायब होते आणि संशय नवऱ्यावर, निकवर येतो. एक प्रकरण निकचं, एक एमीच्या डायरीचं. ती डायरी मी अक्षरशः जगले, आणि दुसऱ्या भागात कळतं की ती रचलेली! तरी मला एमीचाच राग येत नाहीये. तुम्हाला कोण पटलं?

दादरच्या काकू: एमी नाहीच पटली गं. पण ‘कूल गर्ल’चं ते स्वगत सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. नवऱ्याला आवडेल तशी होऊन राहणं आमच्या चाळीत घरोघरी पाहिलंय.

मुलुंडकर: काकू, निकही कमी नाही. बाहेरचं प्रकरण पोलिसांपासून लपवतो, आपल्या वाचकांपासूनही. संशय त्यानेच ओढवून घेतला.

बोरिवलीची वाचक: पण शेवट? मूल येणार म्हणून तो तिच्याबरोबरच राहतो! मला झोप नाही लागली.

मुलुंडकर: तोच शेवट खरा. 2014च्या सिनेमाची पटकथा फ्लिननेच लिहिली, तिथेही तो बदलला नाही. आता तिची पहिली कादंबरी ‘शार्प ऑब्जेक्ट्स’ घे. त्यात आई-मुलीचं नातं आहे, आणि ते याहून जास्त अंगावर येतं.