प्रतिसाद: पर्यटनातून गावाला कचऱ्याशिवाय काय मिळतं?

वर एकांनी लिहिलंय की पर्यटक येतात, कचरा टाकून जातात, गावाच्या हाती काहीच लागत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यातले रविवार बघितले की पटतंही. पण आपल्याच ठाणे खाडीचं उदाहरण घ्या ना. २०१५ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, आणि ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने पक्षी बघायला जाता येतं. आता ही सफर भरती-ओहोटी बघूनच ठरते कारण पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथेच चरायला उतरतात, पण पाणी फारच उतरलं तर बोटच रुतते, मग कुठल्या वळणाला किती पाणी असेल हे सांगणार कोण? तिथला कोळीच, ज्याचं आयुष्य या खाडीत गेलंय. हे ज्ञान बाहेरचा टूरवाला कुठून आणणार!

आणि मला हेच महत्त्वाचं वाटतं, पैसा कोणाच्या हातात जातो ते. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन (खारफुटीचं जंगल) दाखवतात, तिकिटाचा पैसा गटाकडे येतो. ज्या कांदळवनात मासे, चिंबोऱ्यांची पिल्लं वाढतात तेच उभं ठेवून कमाई होतेय, मग त्यावर भराव टाकायला कोण तयार होईल?

आपल्याकडे प्रदूषणाने मासळी घटलीय, त्यामुळे कोळीवाड्यातल्या पोरांना गाईडचं ट्रेनिंग आणि तिथल्या बायकांना जेवणाची ऑर्डर आधी मिळायला हवी. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात, बाकीचे महिने काय करायचं यावरही इथे बोलूया.