मदत हवी आहे: दोन घोड्यांचा, झोपायची खोली असलेला ट्रेलर पिकअपला झेपेल का?

बेळगाव–चिंचली आणि चोर्ला घाट, दोन्हीकडे न्यायचाय. पिकअप 4 बाय 4 डिझेल. गाडीच्या पुस्तकात ब्रेकवाल्या ट्रेलरला मर्यादा 2500 किलो, हुकवर दाबणाऱ्या भाराला 250. रिकामा ट्रेलर 1400, घोडे 800, पाणी 100, वैरण-खोगीर 150: एकूण 2450. म्हणजे शिल्लक जेमतेम 50!

खोली पुढे असल्यानं पाण्याच्या टाकीसकट हुकवर 290 भरतात, हे काट्यावर पाहिलं. टाकी एक्सलवर सरकवून पाहिली, तरी 260. आणखी भार मागे नेला तर हुकवरचा भार एकूण वजनाच्या 10 टक्क्यांखाली जाऊन ट्रेलर डोलायची भीती, म्हणून थांबलो. घोडे मागे सरकवता येत नाहीत, फळ्या पक्क्या आहेत. दोन एक्सल, धक्क्यावर चालणारे ब्रेक (ट्रेलरनं हुकला पुढे ढकललं की लागणारे). घाटउतारावर तेच तापतात.

खोली काढून 300 किलो वाचवू, की विजेचे ब्रेक बसवून एक्सल थोडा पुढे घेऊ?