मदत हवी आहे: डिचोलीत (गोवा) परसातलं खुराडं, हवा खेळावी पण झड आत येऊ नये

नमस्कार मंडळी,

घरामागे परसात कोंबड्या पाळायचं ठरवलंय. आठ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि एक कोंबडा. अंडी घरात खायला, उरली तर शेजारी द्यायला. धंदा करायचा नाही. चवथ झाली, पाऊस ओसरला की बांधायला घेणार, म्हणजे पुढच्या मिरगापर्यंत कोंबड्या रुळलेल्या असतील.

जागा पूर्व-पश्चिम २० फूट, रुंदी ८ फूट. पश्चिमेच्या टोकाला चिऱ्यांचा पाच फुटी गडगा आहे, दक्षिणेला शेजाऱ्यांची पोफळीची बाग. एका कोंबडीला आत निदान चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा लागतात, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्या हिशेबाने ६ × ६ चं खुराडं आणि पुढे साधारण ११ × ८ चं जाळीचं अंगण बसतं. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचे दोन खोके पुरतील, कारण चार-पाच कोंबड्या एक खोका वाटून घेतात.

अडलंय ते हवेपाशी. विष्ठेतून अमोनिया सुटतो, हवा कोंडली की कोंबड्यांचे डोळे आणि श्वास दोन्ही बिघडतात, म्हणून चारी बाजूंनी जाळी ठेवा असं सगळे सांगतात. पटतंही. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. नैऋत्येची झड सुरू झाली की आमच्या पडवीतली आतली भिंतसुद्धा भिजते. खुराड्यात भाताचं तूस अंथरलं आणि ते ओलं झालं, तर रक्ती हगवण ठरलेली. ताडपत्री सोडावी तर आत सगळं दमट आणि कोंदट. तुमच्यापैकी कोणी हे कसं सोडवलंय?

दुसरं, गडग्यालाच टेकवून बांधलं तर एक भिंत वाचेल. चालेल का?

तिसरं मुंगसांचं. शेजाऱ्यांच्या कोंबड्या भर दुपारी मुंगसाने नेल्या. रात्री कांडेचोर (उदमांजर) कौलांवरून फिरताना ऐकू येतो, आणि ओहोळाच्या बाजूला अजगर दिसल्याचं गावात सांगतात. सासूबाई पूर्वी रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून वर धोंडा ठेवायच्या. नऊ पक्ष्यांना ते शक्य नाही. जाळी कुठली घेऊ?

प्रतिसाद

ताई, मी सत्तरी तालुक्यात बरीच वर्षं कोंबड्या पाळतोय. चारी बाजू सारख्या धरू नका, मग गुंता सुटतो. दक्षिण आणि पश्चिम या दोन भिंती चिऱ्यांच्या घ्या, पण छपराला भिडवू नका. वर वीतभर फट ठेवून तिथे जाळी मारा. उत्तर आणि पूर्व गुडघाभर चिरे, वर सगळी जाळी. गरम, दमट हवा वरच्या फटीतून निघून जाते आणि उत्तरेकडून ताजी येत राहते. झडीच्या दोन्ही बाजूंना छप्पर भिंतीपुढे दोन फूट तरी काढा. पागोळ्या पडतात तिथे उथळ चर खणून पाणी लांब न्या, नाहीतर शिंतोडे उडून पायथा कायम ओला राहतो.

गडग्याला अजिबात टेकवू नका. मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या फटींत उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतो. मध्ये तीन फूट मोकळं ठेवा, झाडू घेऊन जाता आलं पाहिजे. माडाखालीही नको, नारळ पडून कौलं फुटतात.

तूस कोरडं ठेवण्याच्या मागे लागण्यापेक्षा झोपायची जमीनच उचला. माझ्याकडे जमिनीपासून दोन फुटांवर पोफळीच्या रिपांचा (लाकडी पट्ट्यांचा) माचा आहे, दोन रिपांत इंचभर फट. विष्ठा खाली पडते, आठवड्याला ओढून काढायची, कुजवायची आणि माडांना घालायची. माच्याखालची जागाही जाळीने बंद करा. बसायच्या दांड्या माच्याहून वर आणि अंड्यांच्या खोक्यांहूनही उंच हव्यात. कोंबडी सगळ्यात उंच जागा बघून झोपते, खोके उंच असले तर त्यांतच झोपते आणि अंडी घाण होतात. एका पक्ष्याला आठ-नऊ इंच धरले तर सहा फुटांत एक दांडी पुरणार नाही. दोन टाका, मध्ये फूटभर अंतर. कडा रंधा मारून गोल करून घ्या.

जाळी अर्ध्या इंचाचीच, वेल्डमेश (तारा सांध्यावर जोडलेली कडक जाळी). ती षटकोनी पातळ जाळी कोंबड्या आत ठेवते, पण कुत्र्याला अडवत नाही. अंगणाभोवती जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरा आणि माती घाला. घूस किंवा मुंगूस कडेलाच उकरायला बसतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं. अंगणावरूनही जाळी हवी. आणि कौलांखाली जाळी ताणाच. कांडेचोर कौल सरकवून आत उतरतो, हे बहुतेकांना पहिली कोंबडी गेल्यावर कळतं. दाराला नुसती कडी नको, खालीवर दोन बोल्ट हवेत. अजगर दिसलाच तर मारू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. वनखात्याला कळवा.

तलंगा घेताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालीय का ते विचारून घ्या. पहिल्या आठवड्यातली लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांची आर-टू-बी, दोन्ही. शंका असेल तर जुने गोवे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा. आणि तिसऱ्या (खायचे शिंपले) आणल्या तर त्यांच्या शिंप्या फेकू नका. धुऊन, भाजून, खडबडीत कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्याची टरफलं पातळ येत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. गडग्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आता गडग्यापासून तीन फूट सोडून आराखडा पुन्हा काढते. वीस फुटांत खुराडं आणि अंगण तरीही बसतं, शिवाय सकाळ-संध्याकाळ मी समोर असताना कोंबड्यांना परसात सोडीन.

एक राहिलं. सुतार रविवारी जागा बघायला येतोय. तो म्हणतो, रिपांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल (गाडीचं वापरलेलं) फासू. ज्यांची अंडी आम्ही खाणार, त्या त्यावरच उभ्या राहणार, चोचीही मारणार, म्हणून मन धजत नाही. तुम्ही रिपांना काही लावता, की नुसत्याच ठेवता आणि कुजल्या की बदलता?